बुटावरचा सेन्सर नेमकं काय मोजतो?

धावताना शरीरात सगळ्यात जास्त उलथापालथ सोसतं ते पाऊल. सेकंदाला एकदा तरी ते मागे उचललं जातं, पुढे फेकलं जातं आणि जमिनीवर आपटतं. अंतर मोजायचं नाजूक यंत्र बांधायला यापेक्षा वाईट जागा नसेल, असं कुणालाही वाटेल. तरीही बुटाच्या लेसमध्ये अडकवायचा सेन्सर, ज्याला धावणारे लोक फूट पॉड म्हणतात, मनगटावरच्या जीपीएस घड्याळापेक्षा कित्येकदा नेमकं अंतर सांगतो. याचं कारण असं, की पाऊल जे करतं ते मनगटाला, छातीला किंवा कमरेला जमत नाही. तुम्ही कितीही वेगात असा, जमिनीवर टेकलेलं पाऊल क्षणभर थांबतं. बाकीचं शरीर त्याच्यावरून पुढे निघून जातं, बूट मात्र जागच्या जागी. सेन्सरचं सगळं गणित या थांबण्यावर उभं आहे. ते एकदा लक्षात आलं की त्याच्या कुठल्या आकड्यावर विसंबायचं आणि कुठल्याकडे काणाडोळा करायचा, हे बरंचसं आपोआप कळतं.

सुरुवातीलाच एक गल्लत दूर करू. शर्यतीत बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराच्या कागदाच्या, मागे चिकटवलेली किंवा बुटाला बांधायला दिलेली टायमिंग चिप वेगळी. तिच्यात मोजणारं काहीच नसतं. स्टार्टला, फिनिशला आणि वाटेत अधूनमधून अंथरलेल्या मॅटवरून तुम्ही गेलात की तिथल्या यंत्राला तुमचा नंबर कळतो, एवढंच. इथे आपण बोलतोय ते आठ-दहा ग्रॅमच्या, स्वतःच्या सेलवर चालणाऱ्या आणि घड्याळाशी बिनतारी बोलणाऱ्या डबीबद्दल.

बुटात गणकयंत्र घालायची हौस तशी जुनी आहे. अदिदासने १९८४ साली मायक्रोपेसर नावाचा बूट काढला. त्याच्या डाव्या पायात सेन्सर होता आणि लेसच्या वर छोटासा डिस्प्ले. प्यूमाने १९८६ मध्ये याच्या पुढची मजल मारली. त्यांच्या आरएस कॉम्प्युटर बुटाच्या टाचेत चिप होती, आणि पळून घरी आल्यावर बूट केबलने ॲपल टू-ई किंवा कमोडोर ६४ संगणकाला जोडायचा. घामेजलेला बूट टेबलावर संगणकाशेजारी ठेवायची कल्पना घरच्यांना कितपत रुचली असेल कोण जाणे. सामान्य धावणाऱ्यापर्यंत हे प्रकरण पोचलं २००६ मध्ये, नायकी आणि ॲपल यांनी मिळून २९ डॉलरचा संच बाजारात आणला तेव्हा. डाव्या बुटाच्या आतल्या सोलखाली खास खोबण, तिच्यात सेन्सर, आणि आयपॉड कानात अंतर-वेग बोलून दाखवणार. सेल बदलायची सोय नव्हती. संपला की नवा सेन्सर घ्यायचा. कॅनडातल्या कॉक्रेन गावची डायनास्ट्रीम ही कंपनी तर बुटावरच्या सेन्सरपासूनच सुरू झाली होती. इवल्याशा सेलवर महिनोन् महिने चालेल अशी बिनतारी यंत्रणा तिला हवी होती. ती तिने स्वतःच बनवली, आणि तीच आजची अँट. हृदयाचे ठोके मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्यापासून सायकलच्या पॉवर मीटरपर्यंत सगळीकडे दिसणाऱ्या अँट प्लसचं मूळ हे. गार्मिनने ही कंपनी २००६ मध्येच विकत घेतली.

डबीच्या आत

आत मुख्यतः दोन गोष्टी असतात. पहिली ॲक्सेलरोमीटर: सिलिकॉनच्या बारीक स्प्रिंगांवर टांगलेलं डोळ्यांना न दिसणारं वजन. पाऊल हललं की हे वजन किंचित मागे राहतं, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं, आणि त्यातून विजेच्या भाषेत त्वरण कळतं. दुसरी जायरोस्कोप, जी पाऊल कुठल्या दिशेला किती वेगाने वळतंय ते सांगते. हे दोघं सेकंदाला शेकडो वेळा नोंद घेतात. काही महागड्या सेन्सरमध्ये हवेचा दाब मोजणारा भागही असतो, चढ-उतार कळावा म्हणून.

त्वरण कळलं की वेग काढता येतो आणि वेग कळला की अंतर. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात हे सगळ्यांनी केलेलं असतं. अडचण अशी, की ॲक्सेलरोमीटर कधीच तंतोतंत बरोबर नसतो. त्याला गुरुत्वाकर्षणही त्वरणासारखंच जाणवतं, म्हणून ते वजा करावं लागतं, आणि त्यासाठी पाऊल नेमकं किती अंशात कललंय हे जायरोस्कोपकडून कळावं लागतं. त्यात एका अंशाची चूक झाली तरी त्वरणात साधारण ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्गाचा घोळ होतो. आपण दयाळूपणे ०.१ धरू. ही चूक तशीच राहिली तर दहा सेकंदांत अंतर ५ मीटरने चुकतं. एका मिनिटात १८० मीटरने. अर्ध्या तासात १६२ किलोमीटरने! म्हणजे पुण्यात जॉगिंगला निघालेला माणूस घाम पुसेपर्यंत मुंबई ओलांडून समुद्रात पोचलेला दिसेल. चूक वेळेच्या वर्गाच्या पटीत वाढते, हे त्याचं कारण.

इथे पावलाचं थांबणं कामाला येतं. सहा मिनिटाला एक किलोमीटर या वेगाने आणि मिनिटाला १६५ पावलं टाकत तुम्ही धावताय असं समजा. एकच बूट पाहिला तर तो दर ०.७३ सेकंदांनी जमिनीवर येतो आणि तेवढ्यात दोन मीटरपेक्षा थोडा जास्त पुढे गेलेला असतो. बूट टेकला की सेन्सरला कळतं की आत्ता वेग शून्य आहे. तो हिशोब बंद करतो आणि पुढच्या पावलाला शून्यापासून नवा सुरू करतो. रोज रात्री गल्ला मोजून वही मिटवणाऱ्या दुकानदाराची चूक जशी एका दिवसापुरतीच राहते, महिनाभर साचत नाही, तसं हे. त्याच ०.१ च्या चुकीने ०.७३ सेकंदांत अंतर चुकतं फक्त अडीच-पावणेतीन सेंटिमीटर. वर आणखी एक फायदा: पाऊल टेकताना वेग शून्य यायला हवा होता, पण हिशोबात सेकंदाला ७ सेंटिमीटर उरला, असं सेन्सरला दिसतं. मग ही उरलेली चूक त्या एका पावलाच्या काळावर मागे वाटून वजा करता येते. अडीच सेंटिमीटरमधलेही बरेचसे असे निघून जातात.

हे तंत्र धावणाऱ्यांसाठी जन्मलेलं नाही. जीपीएस पोचत नाही अशा इमारतीच्या आत माणूस कुठे आहे हे कळावं, अग्निशमन दलाचा जवान धुरात कुठवर गेलाय हे बाहेर दिसावं, यासाठी बुटावरच्या सेन्सरवर संशोधन झालं. एरिक फॉक्सलिन यांचा २००५ मधला शोधनिबंध त्या क्षेत्रात अजूनही हटकून उद्धृत होतो.

मात्र चालणं वेगळं आणि धावणं वेगळं. चालताना पाऊल भरपूर वेळ जमिनीवर सपाट असतं. धावताना ते जेमतेम पाव सेकंद टेकतं, आणि त्यातला खरोखर स्थिर काळ सेकंदाच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहून कमी. टाच उचलायला सुरुवात झाली की लेसवरचा सेन्सर हलायला लागतो. जोरदार स्प्रिंट मारताना, फक्त चवड्यावर धावताना, हा शून्याचा क्षण आणखी आखूड होतो. भरीला आपटण्याचा धक्का: टेकताना पावलाला गुरुत्वाकर्षणाच्या दहा पटींहून मोठे झटके बसू शकतात. सेन्सरची मोजण्याची कमाल मर्यादा त्याखाली असेल तर झटक्याचं टोकच कापलं जातं. म्हणून कंपन्या शुद्ध गणितावर थांबत नाहीत. पाऊल किती वेळ जमिनीवर होतं आणि हवेत किती वेळ, यावरून वेगाचा अंदाजही धरतात. वेग वाढला की पाऊल टेकण्याचा काळ कमी होतो, हे नातं बरंच भरवशाचं आहे, आणि सुरुवातीचे स्वस्त सेन्सर जवळपास त्यावरच चालत. पण ते नातं प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं, म्हणून आधी सेन्सर स्वतःच्या पायाशी जुळवून घ्यावा लागतो.

जीपीएस कुठे चुकतं

मोकळ्या आकाशाखाली, सरळ रस्त्यावर जीपीएसला तोड नाही. वरळीच्या सी-लिंकवर साडेपाच किलोमीटर धावताना घड्याळ बरोबरच सांगेल. पण लोअर परळच्या टॉवरांमधून जाताना उपग्रहाचा सिग्नल काचेवर आपटून उशिरा पोचतो आणि घड्याळाला वाटतं तुम्ही पलीकडच्या फुटपाथवर आहात. वेताळ टेकडीच्या झाडीत किंवा साताऱ्यातल्या यवतेश्वर घाटाच्या वळणांवर दुसरीच भानगड होते. घड्याळ साधारण सेकंदाला एक बिंदू टिपतं आणि बिंदू सरळ रेषेने जोडतं, म्हणून वळणं कापली जातात. सरळ रस्त्यावर उलट होतं: बिंदू दोन-चार मीटर डावी-उजवीकडे नाचतात आणि रेघ नागमोडी होऊन अंतर वाढतं. दोन फ्रीक्वेन्सी वापरणाऱ्या नव्या घड्याळांनी हे पुष्कळ सुधारलंय, हे मान्य करायला हवं. एकूण अंतरासाठी त्यांच्याकडे बघून समाधान होत असेल तर फक्त अंतरासाठी वेगळा सेन्सर घेऊ नका.

त्या क्षणाचा वेग ही मात्र जीपीएसची खरी दुखरी नस. चारशे मीटरचे इंटरव्हल, म्हणजे मध्ये विसावा घेत मारायच्या वेगवान फेऱ्या, करताना तुम्ही जोर लावता आणि घड्याळ आठ-दहा सेकंदांनी जागं होतं; तोवर पहिल्या शंभर मीटरपैकी निम्मे संपलेले. बुटावरचा सेन्सर दोन-तीन पावलांत सांगतो. ट्रेडमिलवर तर जीपीएसचा प्रश्नच येत नाही. तिथे मनगटावरचं घड्याळ हाताच्या झुलण्यावरून अंदाज करतं, आणि तुम्ही दांडी धरली की त्याच्या लेखी तुम्ही उभे.

ट्रॅकवरच्या पाच फेऱ्या

नवा सेन्सर पाकिटातून काढून लगेच त्यावर भरवसा ठेवू नये. जुळवणी सोपी आहे, पण नीट केली नाही तर न केलेली बरी.

आधी लावायचं कुठे? लेसच्या मधल्या भागात, निदान दोन आडव्या फेऱ्या क्लिपखाली येतील असं. डबी बोटाने हलवून बघा. डुलत असेल तर लेस सोडून पुन्हा आवळा. डबी डुलली की ती पावलाची हालचाल मोजत नाही, स्वतःच्या डुलण्याची बेरीज करत बसते. काही कंपन्या पंजाकडच्या टोकाला लावा म्हणतात, काही घोट्याच्या बाजूला. त्यांचं ऐका, पण एकदा जागा ठरली की बदलू नका.

मग ट्रॅक. पुण्यात बालेवाडीसारखा ४०० मीटरचा सिंथेटिक ट्रॅक मिळाला तर उत्तम. शाळा-कॉलेजांची मैदानं पुष्कळदा २०० किंवा ३०० मीटरची असतात आणि चुन्याची रेघ कुणी कशी मारली यावर त्यांची लांबी ठरते, तेव्हा आधी चौकशी करा. धावायचं पहिल्या लेनमधूनच, आतल्या कडेपासून वीतभर-दीडवीत अंतर राखून. ४०० मीटर मोजले जातात ते कडेपासून ३० सेंटिमीटरवर. दुसऱ्या लेनमध्ये फेरी ४०७ मीटर होते. पाच फेऱ्यांत ३५ मीटरचा फरक पडतो आणि तुमची सगळी जुळवणी तिथेच वाया जाते. पहिली लेन वेगात पळणाऱ्यांसाठी मोकळी ठेवायचा शिरस्ता असल्यामुळे गर्दीच्या आधी, उजाडताना गेलेलं बरं.

नेहमीच्या वेगाने पाच फेऱ्या, म्हणजे २००० मीटर. सेन्सरने १.९६ किलोमीटर दाखवले असं धरू. २.०० भागिले १.९६ बरोबर १.०२०. हा गुणक घड्याळात टाकायचा. काही घड्याळं तो १०२.० असा मागतात. नंतर पुन्हा पाच फेऱ्या मारून पडताळा घ्यायचा. एका टक्क्याची चूक किरकोळ वाटते, पण हाफ मॅरेथॉनमध्ये एक टक्का म्हणजे २११ मीटर, आणि सहाच्या वेगाने, म्हणजे सहा मिनिटाला एक किलोमीटर धावताना, सव्वा मिनिटाहून जास्त.

दोन तासांच्या आतल्या हाफसाठी धडपडणाऱ्याला हे चांगलंच समजेल. त्याचबरोबर हेही समजून घ्यायला हवं, की पूर्ण मॅरेथॉनमध्ये घड्याळ ४२.६ किलोमीटर दाखवतं आणि लोक आयोजकांना दोष देतात, तेव्हा बहुतेक वेळा आयोजक बरोबर असतात. प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकाला जोन्स काउंटर, म्हणजे चाकाचे फेरे मोजणारं यंत्र, लावून मोजतात, तोही सगळ्यात जवळच्या रेषेने, वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून. वर मार्ग लहान भरू नये म्हणून हजारी एक इतकं अंतर मुद्दाम जास्त घेतात, त्यामुळे ४२.१९५ किलोमीटरचा मार्ग ४२.२३७ चा आखला जातो. हजारो लोकांच्या गर्दीत पाण्याच्या टेबलाकडे वळत, लोकांना ओलांडत धावणारा कुणीही त्या सगळ्यात जवळच्या रेषेवर राहत नाही. जुळवलेल्या सेन्सरने ४२.५ दाखवले तर तुम्ही खरंच तेवढं धावलेले असण्याची शक्यता आहे.

फॉर्मचे आकडे

अंतरापर्यंत सगळं ठाकठीक. खरी मजा आणि खरा गोंधळ सुरू होतो तो फॉर्मपाशी, म्हणजे धावण्याच्या ढबीपाशी. ॲप उघडलं की केडन्स, जमिनीवरचा काळ, वर-खाली होणं, टेकण्याचा प्रकार, पॉवर, अशी आकड्यांची रांग लागते, आणि प्रत्येकाशेजारी हिरवा-पिवळा-लाल रंग. रंगांकडे सरळ दुर्लक्ष करा, असं मी सांगेन. ते रंग तुमच्या उंचीला, वयाला, वेगाला ओळखत नाहीत.

केडन्स म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं. सेन्सरचा सगळ्यात पक्का आकडा हाच. पाऊल आपटलं की ते चुकणं कठीण. एकाच बुटावर असल्यामुळे तो आपली पावलं मोजून दुप्पट करतो. केडन्सबद्दल १८० हा आकडा जणू पंचांगातून आल्यासारखा सांगितला जातो. त्याचा उगम साधा आहे. अमेरिकन प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली आणि जवळपास सगळे १८० किंवा त्याहून वर आढळले. पण ते ऑलिंपिकचे धावपटू होते आणि शर्यतीच्या वेगात होते. तेच लोक सकाळच्या आरामाच्या रनमध्ये कमी पावलं टाकतात. सातच्या वेगाने धावणाऱ्या, सहा फूट उंचीच्या माणसाने १८० गाठायला जाऊन तुरुतुरु पळायची गरज नाही.

तरीही केडन्स निरुपयोगी नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ब्रायन हायडरशाइट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ४५ हौशी धावपटूंवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. वेग तोच ठेवून पावलं पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली, तर गुडघ्यावर आणि खुब्यावर येणारा भार लक्षणीय कमी होतो, असं त्यात दिसलं. कारण सरळ आहे. सहाच्या वेगाने १६५ पावलं टाकणाऱ्याचं एक पाऊल १.०१ मीटरचं असतं. १७५ टाकली तर ०.९५ मीटरचं. सहा सेंटिमीटर आखूड पावलामुळे टाच शरीराच्या फार पुढे पडत नाही आणि ब्रेक लागल्यासारखा धक्का कमी होतो. गुडघा कुरकुरत असेल, केडन्स १५५-१६० च्या आसपास असेल आणि तुम्ही लांब टांगा टाकत असाल, तर फोनवर मेट्रोनोम (ठरावीक लयीत टकटक करणारं ॲप) लावून पाच टक्के वाढवून बघायला हरकत नाही. फिजिओथेरपिस्टला विचारून केलं तर आणखी चांगलं. एकदम दहा टक्क्यांवर उडी मारू नये. सवय नसलेल्या लयीचा हिशोब पोटऱ्या दुसऱ्या दिवशी जिन्यावर चुकता करतात.

टाच आधी टेकते की चवडा, हा सेन्सरचा आणखी एक लाडका आकडा. यावर सोसायटीच्या बागेत तावातावाने वाद झडतात. २००४ च्या सप्पोरो आंतरराष्ट्रीय हाफ मॅरेथॉनमध्ये जपानी संशोधकांनी पंधराव्या किलोमीटरवर कॅमेरा लावला होता. २८३ धावपटूंपैकी सुमारे ७५ टक्के टाचेवर टेकत होते, आणि ही शर्यत अव्वल दर्जाच्या धावपटूंची होती. टाचेवर टेकणं हा रोग नाही. मुद्दाम चवड्यावर जायचं ठरवलं तर गुडघ्याचा भार काहीसा कमी होतो, पण तो कुठे नाहीसा होत नाही, पोटरीवर आणि घोट्यामागच्या स्नायुबंधावर जातो. काही दुखत नसेल तर हा आकडा बघून सोडून द्यावा, हे माझं मत.

जमिनीवरचा काळ मिलिसेकंदांत येतो. हौशी धावणाऱ्यांचा साधारण २०० ते ३०० च्या दरम्यान, वेग वाढला की कमी. कमरेचं वर-खाली होणं बुटावरच्या सेन्सरला थेट दिसतच नाही. तो इतर आकड्यांवरून काढलेला अंदाज. त्यापेक्षा कमरेला किंवा छातीला लावलेला सेन्सर बरा. पॉवरचंही थोडं तसंच. सायकलच्या पेडलवर लावलेला जोर खरोखर मोजता येतो. धावतानाची पॉवर वेग, चढ आणि तुमचं वजन यांवरून सूत्राने काढतात. चढावर एकसारखी मेहनत ठेवायला ती उपयोगी पडते, पण एका कंपनीच्या २४० वॅटची दुसऱ्या कंपनीच्या २४० वॅटशी तुलना करण्यात अर्थ नाही. डाव्या-उजव्या पायातला फरक एका सेन्सरला सांगता येत नाही. त्यासाठी दोन्ही बुटांवर हवेत.

या आकड्यांचा सर्वांत चांगला उपयोग मला वाटतो तो एकाच रनच्या आत. रविवारी २४ किलोमीटरचा लाँग रन केला. पहिले १६ किलोमीटर जमिनीवरचा काळ २५५ च्या आसपास, केडन्स १७०. मग वेग तोच असताना काळ हळूहळू २६२, २६८, २७५ होत जातो आणि केडन्स १६४ वर उतरते. हा थकवा आहे, आणि तो घड्याळातल्या वेगात दिसायच्या आधी इथे दिसतो. पुढच्या महिन्यात त्याच रस्त्यावर, तशाच हवेत, जमिनीवरच्या काळाची हीच वाढ विसाव्या किलोमीटरनंतर सुरू झाली तर तयारी वाढतेय. "तशाच हवेत" हे महत्त्वाचं. फेब्रुवारीतल्या पहाटेची तुलना मे महिन्याशी केली तर आकडे खोटं बोलतील, कारण तापमान आपलं काम करतंच. बूट बदलला तरी ही तुलना बिघडते. जाड फोमच्या बुटात टेकण्याचा काळ वेगळा येतो.

आठवड्याचे किलोमीटर आणि बुटाचे किलोमीटर

ट्रेडमिल, टेकडी आणि रस्ता यांची बेरीज एकाच मापाने होणं, हा बुटावरच्या सेन्सरचा न गाजलेला फायदा. आठवड्याची बेरीज दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये असा सल्ला जिकडे तिकडे मिळतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी ५०० हून अधिक नवख्या धावपटूंवर तो तपासला आणि निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध केले. एक गट दहा टक्क्यांच्या नियमाने हळूहळू वाढला, दुसरा भराभर. दोन्ही गटांत साधारण पाचातल्या एकाला दुखापत झाली. नियम सोडून द्या असा याचा अर्थ कुणी काढू नये. आठवड्याला १० किलोमीटरवाल्याला दहा टक्के म्हणजे एकच किलोमीटर, ८० वाल्याला आठ. एकच टक्केवारी दोघांना लागू पडेल ही अपेक्षाच भाबडी होती. मागच्या तीन-चार आठवड्यांची सरासरी बघून, तिच्यापासून फार दूर उडी मारतोय का एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

बुटाचे किलोमीटरही असेच मोजता येतात. धावण्याचे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात असं मानतात. सोल झिजलेला दिसत नसला तरी आतला फोम दबून बसलेला असतो. ॲपमध्ये प्रत्येक जोडीला नाव द्या आणि सेन्सर त्या बुटावर हलवताना तीच जोडी निवडा. दोन जोड्या आलटून पालटून वापरणं फायद्याचं असल्याची खूण लक्झेंबर्गमधल्या एका अभ्यासात मिळते: २६४ धावपटूंमध्ये एकाहून जास्त जोड्या वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी आढळला. अर्थात असे लोक मुळात जास्त काळजी घेणारे असतील, हेही शक्य आहे.

महिन्याला ४०-५० किलोमीटर आरामात धावणाऱ्याला या सगळ्याची गरज नाही. ते पैसे चांगल्या बुटांवर घालावेत. ट्रॅकवर इंटरव्हल करणाऱ्याला, पावसाळ्यात चार महिने ट्रेडमिलवर काढणाऱ्याला, किंवा दुखापतीनंतर फिजिओसोबत चाल सुधारणाऱ्याला मात्र पैसे वसूल होतात. जिमचा ट्रेडमिल खरं बोलतो का हेही तपासता येतं. पट्ट्याची लांबी टेपने मोजा, त्यावर खडूची खूण करा, आणि कुणी पट्ट्यावर धावत असताना वीस फेऱ्यांना किती वेळ लागतो ते बघा. तीन मीटरच्या पट्ट्याच्या वीस फेऱ्या म्हणजे ६० मीटर. त्या २१.६ सेकंदांत झाल्या तर वेग ताशी १० किलोमीटर.

पावसाळ्यात चिखल झाला की डबी काढून साध्या पाण्याने धुवा, हेअर ड्रायर लावू नका. सेल बदलायचा असेल, बऱ्याच मॉडेलना नाण्यासारखा सीआर २०३२ लागतो, तर झाकणाखालची रबराची कडी जागेवर बसली का बघा. पाणी शिरतं ते तिथूनच. आणि जुळवणीचा गुणक सहसा घड्याळात साठवलेला असतो, सेन्सरमध्ये नाही. नवं घड्याळ घेतलंत तर जुनं विकायच्या आधी तो आकडा लिहून ठेवा.